काठीचा रंग कोणासाठी?

शिकाऊ वाहनपरवाना मिळविण्यासाठी परिवहन कार्यालयाची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या प्रश्नसंचात एक प्रश्न आहे. हाती पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल, तर वाहनचालकाने काय करावे? खाली पर्याय दिलेले असतात. त्यांपैकी बरोबर उत्तर असे, की ती पांढरी काठी ही वाहन थांबविण्याची वाहतूक-खूण आहे असे चालकाने समजावे. चौकातल्या लाल दिव्याला जो मान, तोच त्या हातभर जाडीच्याही नसलेल्या काठीला. परीक्षेला बसणारी मुले हे उत्तर पाठ करतात, गुण मिळवतात आणि बहुतेक जण परवान्याबरोबरच ते विसरूनही जातात.

या प्रश्नातला 'पांढरी' हा शब्द महत्त्वाचा आहे. काठी तपकिरी असेल, काळी असेल, हिरवी किंवा निळी असेल, तर चालकाने काय समजावे, याविषयी प्रश्नसंच काही सांगत नाही. जगातील दृष्टिबाधितांमध्ये आज जो वाद आहे, तो नेमका येथून सुरू होतो. काठी पांढरीच असावी की ज्याला जो रंग हवा तो त्याने घ्यावा? अंशतः दिसणाऱ्यांनी पांढरी काठी धरावी, की त्यांची वेगळी असावी? शहरातल्या सुशिक्षितांचा हा विषय आहे असे कोणाला वाटेल. परंतु खेड्यात तो अधिक तीव्र आहे.

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्याच्या दक्षिण अंगाचे, बालाघाटाच्या उंचसखल मुलखातले गाव. रेणुकादेवीच्या मंदिरामुळे ते पंचक्रोशीत ओळखले जाते आणि नवरात्रात तेथे दूरदूरचे भाविक येतात. पांढऱ्या काठीचा दिवस जगभर १५ ऑक्टोबरला पाळतात. तो बहुधा नवरात्र आणि दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२३ साली तर घटस्थापना नेमकी त्याच तारखेला होती. अशा गर्दीत काठी धरलेली माणसे मोजायला गेले, तर मोजदाद करणारा थकून जाईल. म्हाताऱ्याच्या हातात काठी असते, मेंढपाळाच्या खांद्यावर काठी असते, रात्री शेताला पाणी द्यायला जाणारा विंचूकाट्याच्या भयाने काठी घेऊनच निघतो. मराठीत 'म्हातारपणाची काठी' आणि 'आंधळ्याची काठी' हे शब्दप्रयोग मुलाला उद्देशून वापरले जातात, इतकी ती वस्तू घरोघरची आहे. वेळूच्या साध्या काठीने अंध माणसाला पुढचा खड्डा कळेल, पायरी कळेल. पण समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला त्या काठीवरून काहीही कळणार नाही. त्याच्या लेखी तो आणखी एक म्हातारा. हॉर्न वाजवला की बाजूला होईल, एवढाच त्याचा हिशोब.

काठीची दोन कामे आहेत, ती येथे वेगळी करून पाहावी लागतात. एक काम धरणाऱ्यासाठी: जमीन चाचपणे. दुसरे पाहणाऱ्यासाठी: 'मला दिसत नाही, तुम्ही पाहा' हे न बोलता सांगणे. पहिल्या कामाला रंग लागत नाही. दुसरे काम रंगावाचून होत नाही.

पांढऱ्या रंगाची जन्मकथा

पांढरी काठी फार जुनी नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाचे छायाचित्रकार अपघातात दृष्टी गमावून बसले. घराभोवती वाढती वाहने होती. ती आपल्याला चुकवतील याची खात्री वाटेना, म्हणून १९२१ साली त्यांनी आपली नेहमीची चालण्याची काठी पांढऱ्या रंगाने रंगवून घेतली. ही कल्पना कोणा तज्ज्ञाची नव्हती, एका नवअंध माणसाने स्वतःच्या जिवासाठी काढलेली ती युक्ती होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९३० साली अमेरिकेतील पिओरिया या गावात लायन्स क्लबचे अध्यक्ष जॉर्ज बोनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना पाहिले. त्याच्या हातातली काठी काळी होती. काळ्या डांबरी रस्त्यावर ती चालकांना दिसतच नव्हती. क्लबने काठ्या पांढऱ्या रंगवून, त्यांना लाल पट्टा देऊन वाटल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पिओरियाच्या नगर परिषदेने अशी काठी धरणाऱ्याला रस्त्यावर अग्रक्रम देणारा नियम संमत केला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये गिली द'एर्बमाँ या पॅरिसच्या बाईंनी हाच आग्रह धरला होता. ७ फेब्रुवारी १९३१ रोजी मंत्र्यांच्या उपस्थितीत पहिल्या पांढऱ्या काठ्या तेथील अंधांच्या हाती देण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात अंध होऊन आलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी १९४४ च्या सुमारास अमेरिकेतील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात लांब काठीची पद्धत बसवली. छातीपर्यंत उंचीची हलकी काठी, खांद्यांच्या रुंदीहून किंचित अधिक असा अर्धवर्तुळाकार झोत, आणि जे पाऊल पुढे पडते त्याच्या विरुद्ध बाजूला काठीचे टोक. आज जगभर हीच पद्धत शिकवली जाते. १९६४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस म्हणून घोषित केला.

लायन्सचे नाव मराठवाड्याला परके नाही. उदगीरच्या उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालयात डोळ्यांवर उपचार करून आलेली माणसे या पट्ट्यातील गावोगाव भेटतात. मोतीबिंदूची शिबिरे, त्यांसाठी गाडी करून म्हाताऱ्यांना नेणे-आणणे, औषधांचा खर्च उचलणे हे औषधदान जैन समाजाच्याही अंगवळणी पडलेले आहे. पण ज्यांची दृष्टी शस्त्रक्रियेने परत येणार नाही, त्यांच्यापर्यंत हा उत्साह सहसा पोचत नाही. डॉक्टरांनी 'आता इलाज नाही' असे सांगितले की शिबिराची यादी संपते, आणि काठीची गोष्ट तर तेथूनच सुरू व्हायची असते.

काळोख आणि उजेड यांच्या मध्ये

पांढऱ्या काठीने एक मोठे काम केले आणि तिच्यामागून एक गैरसमजही आला. काठी पांढरी म्हणजे धरणाऱ्याला काहीच दिसत नाही, असे लोक धरून चालू लागले. वस्तुस्थिती तशी नाही. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के, तर एकूण दृष्टिदोषाचे २.५५ टक्के आढळले. यातील कित्येकांना चष्मा वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुरेल हे खरे. तरीही अंध आणि डोळस या दोन टोकांच्या मध्ये किती मोठी वस्ती आहे, ते या आकड्यांतून दिसते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या परिशिष्टात अंधत्वाची व्याख्या आहे. पूर्ण दृष्टिहीनता तीत आहेच. शिवाय, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारी खूण ३ मीटरवरूनही ओळखता येत नसेल, तर ती व्यक्ती अंध. आणि तिसरा प्रकार असा, की दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तरीही ती व्यक्ती अंधच. १० अंश म्हणजे हात पूर्ण लांबवून धरलेल्या मुठीआड जेवढे जग झाकले जाईल, साधारण तेवढे. त्या मुठीएवढ्या खिडकीतून एखाद्याला वर्तमानपत्राची बारीक अक्षरेही वाचता येतील, पण पायाशी झोपलेले कुत्रे, डावीकडून येणारी सायकल, उंबरठा यांपैकी काहीही दिसणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हा मनुष्य अंध आहे आणि तो वर्तमानपत्र वाचतो. या एका वाक्यात जी विसंगती वाटते, ती त्या माणसात नसून आपल्या समजुतीत आहे.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात असेच घडते. प्रथम रात्रीचे दिसेनासे होते, मग कडेची दृष्टी आकसत जाते, मधली बरीच वर्षे टिकते. नात्यात लग्ने होतात त्या घरांत अशा विकारांचा धोका अधिक असतो. काचबिंदूतही कडेची दृष्टी आधी जाते, आणि ती इतकी हळू जाते की रुग्णाला उशिरा कळते. याच्या उलट, दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याच्या विकारात कडेचे दिसत राहते आणि नेमके समोरचे पुसले जाते. असा मनुष्य गल्लीतून बिनधोक चालत जाईल, पण समोर उभ्या राहिलेल्या व्याह्याचा चेहरा त्याला ओळखू येणार नाही. गावात याचा अर्थ 'माणूस बदलला, ओळखसुद्धा देत नाही' असा लावला जातो. आणि मधुमेहाने डोळ्यांतील रक्तवाहिन्या बिघडल्या असतील, तर दृष्टी सकाळी एक आणि आठवड्याने दुसरी असू शकते.

आता यांपैकी एखादा माणूस पांढरी काठी घेऊन गंगाखेडला जाणाऱ्या एसटीत चढला असे समजू. त्याच्याजवळ दिव्यांग ओळखपत्र आहे, त्यावर भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. तो काठीची घडी घालून बसतो आणि खिशातून मोबाइल काढून डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागतो. बसमधल्या नजरा बदलायला एवढे पुरते. अलीकडे बनावट दिव्यांग प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रात गाजली आहेत, त्यामुळे संशयाला आयते निमित्त मिळाले आहे. फसवणुकीने सवलत लाटणाऱ्यासाठी याच अधिनियमाच्या कलम ९१ मध्ये शिक्षा आहे. तिच्या शेजारचे कलम ९२ मात्र फार थोड्यांना ठाऊक असते: दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला किमान सहा महिने कैद होऊ शकते. प्रमाणपत्र खरे की खोटे हे ठरविण्याचे काम वैद्यकीय मंडळाचे आहे, शेजारच्या आसनावरील प्रवाशाचे नाही.

हिरवी काठी

या कोंडीवर अर्जेंटिना देशाने एक उत्तर शोधले. ब्युनोस आयरिसमध्ये अल्पदृष्टी असलेल्यांना शिकविणाऱ्या पेर्ला मायो या शिक्षिकेच्या लक्षात आले, की त्यांचे विद्यार्थी पांढरी काठी हाती घ्यायला तयार नसतात. काठीची गरज त्यांना असे, पण 'आम्ही अंध नाही' हा त्यांचा आक्षेप असे. आणि लोकांच्या 'हा तर पाहतोय' या टोमण्याची धास्तीही असे. १९९६ साली मायो यांनी हिरव्या काठीची कल्पना मांडली. स्पॅनिश भाषेत हिरव्याला 'वेर्दे' म्हणतात आणि पाहण्याला 'वेर', हा योगायोगही त्यांच्या पथ्यावर पडला. २००२ साली अर्जेंटिनाने कायदा करून हिरवी काठी अल्पदृष्टी व्यक्तींचे साधन म्हणून स्वीकारली. वजन, लांबी, मूठ, घडी, चकाकणारा पट्टा हे सारे पांढऱ्या काठीसारखेच असावे, फक्त रंग हिरवा, असे त्या कायद्याने ठरविले.

रंगाने अधिक नेमके बोलण्याची रीत याआधीही होती. इंग्लंडमध्ये पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असतील, तर धरणाऱ्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. तेथे हॉर्न वाजवून उपयोग नसतो, हे चालकाला शिकवले जाते. आपल्याकडे मिळणाऱ्या पांढऱ्या काठ्यांनाही खालच्या बाजूला लाल रंग असतो, पण तो केवळ उठून दिसावे म्हणून. म्हणजे एकच लाल रंग दोन देशांत दोन गोष्टी सांगतो. रंगांची भाषा अशी परिसरावर अवलंबून असते.

तिसरा प्रवाह तरुणांचा आहे. पाश्चात्त्य देशांत निळ्या, गुलाबी, काळ्या काठ्या विकत मिळतात. चष्म्याची चौकट जर आवडीची घेता येते, तर रोज हातात असणारी काठी दवाखान्यातल्या वस्तूसारखीच का दिसावी, असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न उथळ म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. जी वस्तू आवडते ती घराबाहेर नेली जाते. जी लाज आणते ती कपाटामागे पडून राहते.

तथापि रंगाची आवड आणि रंगाचा आडोसा यांत फरक करावा लागतो. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत दृष्टी मंदावत चाललेली मुलगी छत्री टेकत चालते, किंवा धाकट्या भावाचा हात धरल्याशिवाय बाहेर पडत नाही. काठी तिच्या हाती दिली जात नाही, कारण परिचय मेळाव्यात नाव द्यायचे असते आणि 'लोक काय म्हणतील' हे घरातल्या सर्वांना आधीच ठाऊक असते. अशा मुलीला गिर्यारोहकाची सुबक काळी काठी घेऊन दिली, तर घरच्यांचे समाधान होईल. पण रस्त्यावरच्या ट्रॅक्टरला ती गिर्यारोहकच वाटेल. शिवाय लपविलेला आजार लग्नानंतर पहिल्याच अंधाऱ्या संध्याकाळी उघडा पडतो, आणि तेव्हा तिच्या बाजूने उभे राहणारे कोणी नसते.

स्यात् अस्ति, स्यात् नास्ति

जैन वाचकाला मधल्या दृष्टीची ही गोष्ट समजणे खरे तर सर्वांत सोपे जायला हवे. हत्ती चाचपणाऱ्या अंधांची कथा आपण प्रवचनांतून लहानपणापासून ऐकत आलो. तीत अंध हे एकांगी मताचे प्रतीक असतात. अंशतः दिसणाऱ्या माणसाला विचारले, तर तो मात्र अनेकांताच्या अधिक जवळचे उत्तर देईल. तुला दिसते का? एका अपेक्षेने दिसते, एका अपेक्षेने दिसत नाही. दुपारी दिसते, तिन्हीसांजेला दिसत नाही. अक्षर दिसते, पायरी दिसत नाही. 'दिसते की नाही, एक काय ते सांग' हा आग्रहच एकांताचा आहे.

कर्मसिद्धान्तातही हीच सूक्ष्मता आहे. चक्षुदर्शनावरणीय कर्माच्या क्षयोपशमाने डोळ्यांचे दर्शन घडते, आणि क्षयोपशमात तरतमभाव असतो. तेथे फक्त 'आहे' आणि 'नाही' अशी दोनच घरे नाहीत. शिवाय आचार्यांनी चक्षुदर्शनाच्या शेजारी अचक्षुदर्शन ठेवले आहे: डोळ्यांवाचून, अन्य इंद्रिये व मन यांच्या द्वारे होणारे दर्शन. काठीच्या टोकाकडून मुठीत येणारा कंप, सिमेंटवरचा आणि मातीवरचा वेगवेगळा आवाज, भिंत जवळ आल्यावर बदलणारा प्रतिध्वनी, हे सर्व त्याच प्रांतातले. दृष्टिहीनता पूर्वकर्माचे फळ म्हणून हात जोडून स्वस्थ बसणाऱ्यांनी शास्त्राचे पुढचे पान उलटलेले नसते.

मुनींच्या ईर्यासमितीत पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकण्याची आज्ञा आहे. तिचा हेतू जीवरक्षेचा, आणि लांब काठीचा हेतू स्वतःच्या रक्षणाचा. दोहोंची बरोबरी करण्याचे कारण नाही. पण पाऊल पडण्याआधी तेथली भूमी जाणून घेणे ही शिस्त दोन्हींकडे आहे, आणि ती अंगी बाणायला दोन्हींकडे सराव लागतो. काठी दिली आणि दान झाले, असे होत नाही. दिशाज्ञान आणि चलनवलन यांचे शिक्षण ही वेगळी विद्या आहे. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड म्हणजे 'नॅब' ही संस्था १९५२ साली मुंबईत स्थापन झाली. तिने आणि अंधशाळांनी हे शिक्षण महाराष्ट्रात रुजविले. पण ते देणारे प्रशिक्षक मुख्यतः शहरांत आहेत. चाळिशीनंतर दृष्टी गेलेला खेड्यातला शेतकरी किंवा किराणा दुकानदार अंधशाळेत जात नाही. त्याच्या हातात काठी आलीच, तर ती कशी धरायची हे सांगणारा कोणी नसतो.

एक प्रसंग तर बहुतेक जैन घरांत रोजचाच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते. मग मंदिरातली आरती, प्रतिक्रमण, चातुर्मासात प्रवचन. ज्याला रातांधळेपणाने गाठले आहे, तो हळूहळू संध्याकाळच्या सगळ्या कार्यक्रमांतून गळतो. कारण सांगायचे टाळतो. 'धर्माची आवड कमी झाली' असा शेरा त्याच्या पाठीमागे पडतो. वास्तविक त्याला परतीच्या वाटेवरचे गटार दिसत नसते, इतकेच. दिवसा तो डोळसांत मोडतो, म्हणून काठी घ्यायला संकोचतो. आणि रात्री काठी नाही, म्हणून घरात राहतो.

मग कोणता रंग?

भारतापुरते आणि त्यातही खेड्यापुरते बोलायचे, तर रस्त्यावर काठी पांढरीच असावी, असे म्हणणे भाग आहे. पांढरा रंग श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे. परीक्षेच्या प्रश्नात तो एकच रंग आहे, पाठ्यपुस्तकातील चित्रात तोच आहे, आणि शंभरातल्या पाच चालकांना काही आठवलेच तर तेच आठवेल. हिरव्या काठीला अर्जेंटिनात कायदा आहे. राणीसावरगावच्या रस्त्यावर हिरवी काठी म्हणजे नुसती हिरवी काठी. त्यात दुसराही धोका आहे. हिरव्याचा अर्थ 'याला थोडे दिसते' असा पसरला, तर चालक असा विचार करील की थोडे दिसते ना, मग तोच थांबेल. ज्याचे क्षेत्र मुठीएवढे आहे, त्याच्या बाबतीत तो अंदाज जिवावर बेतेल. अंशतः दिसणाऱ्याला रस्त्यावर जो धोका असतो, तो पूर्ण अंधापेक्षा नेहमी कमीच असतो असे नाही. कित्येकदा अर्धवट दिसण्यावर भरवसा ठेवल्याने तो अधिकच असतो.

म्हणून बदलायला हवा तो पांढऱ्याचा अर्थ. पांढरी काठी म्हणजे 'संपूर्ण काळोख' नव्हे. 'या व्यक्तीला तुमचे वाहन दिसेलच असे समजू नका' एवढेच तिचे म्हणणे. हा अर्थ रुजला, तर मोबाइल वाचणाऱ्याच्या हातातली पांढरी काठी खोटी ठरणार नाही, आणि अल्पदृष्टी मुलामुलींना ती घेण्यासाठी पूर्ण अंध होईपर्यंत वाट पाहावी लागणार नाही. शासनाने दिव्यांग ओळखपत्रावर प्रमाणानुसार रंगीत पट्टा ठेवला आहे: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, ८० आणि त्यावर निळा. ते कार्ड खिशात असते, कार्यालयात दाखवायचे असते. तेथे श्रेणी लागतात. रस्त्यावर भरधाव आलेल्या चालकाला श्रेणी वाचायला सवड नसते.

घरात, अंगणात, शाळेत, ओळखीच्या गल्लीत मात्र रंगाचा हट्ट धरू नये. एखाद्या मुलीला जांभळी मूठ आवडली, एखाद्याला काठीवर रंगीत पट्टी हवी असली, तर ती द्यावी. शिवाय अल्पदृष्टी व्यक्तीला स्वतःची काठी स्वतःलाही दिसायला हवी असते. गोदाकाठच्या काळ्या मातीवर आणि डांबरावर पांढरा रंग उठून दिसतो. पण गावोगाव आता सिमेंटचे रस्ते झाले आहेत, आणि उन्हाळ्याच्या दुपारी त्या पांढुरक्या तिरिपीत पांढरी काठी विरघळून जाते. तेथे खालचा लाल भाग कामाला येतो. धुळीने करडी झालेली काठी तर कोठेच दिसत नाही. ती आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावी लागते. रात्री नुसत्या पांढऱ्या रंगावर विसंबून चालत नाही. वाहनाच्या उजेडात चमकणारी परावर्तक पट्टी काठीवर नसेल, तर ती चिकटवून घ्यावी.

काठी कोणत्याही रंगाची असो, तिला न कळणाऱ्या गोष्टी आहेत. ती जमिनीवर फिरते. कमरेच्या वरचे तिला कळत नाही. उभ्या बैलगाडीची दांडी, दुकानापुढे वाकलेला पत्रा, अंगणातली कपड्यांची तार, आणि गाळपाच्या दिवसांत ट्रॉलीबाहेर वीत-वीत आलेला ऊस, हे सारे थेट चेहऱ्यावर येते. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या गुंफांत दर्शनाला जाताना बुटक्या दारातून वाकावे लागते. डोळस माणूसही तेथे कपाळ सांभाळतो, पण त्याला दार दिसते तरी. ही उणीव भरून काढण्यासाठी दिल्लीच्या आयआयटीत स्मार्टकेन हे उपकरण तयार झाले आणि २०१४ साली ते वापरासाठी उपलब्ध झाले. पांढऱ्या काठीच्या मुठीवर ते बसते. ध्वनिलहरींनी गुडघ्याच्या वरचे अडथळे हेरते आणि मुठीत थरथर उठवून सूचना देते. त्याच्या खाली असलेली काठी मात्र पांढरीच आहे.

काठी वाटपाचे कार्यक्रम जे मंडळ घेते, त्याने एकाच लांबीच्या पन्नास काठ्या एकगठ्ठा आणणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे. उभ्या माणसाच्या छातीच्या हाडापर्यंत काठी पोचायला हवी. आखूड काठीने माणूस वाकून चालतो आणि अडथळा कळेपर्यंत पाऊल त्याच्यावर पडलेले असते. म्हणून आधी नावनोंदणी करताना उंची मोजावी. घडीच्या काठीतली लवचीक दोरी सैल पडते, ती बदलून मिळेल का हे विचारावे. टोकाची नायलॉनची टोपी खडबडीत रस्त्यावर लवकर झिजते; प्रत्येक काठीबरोबर दोन-तीन जादा टोप्या द्याव्यात, कारण राणीसावरगावच्या बाजारात ती टोपी मिळायची नाही आणि एका टोपीसाठी कोणी परभणीला जात नाही. टोपी गेलेली काठी दगडावर फुटते, मग ती दाराआड उभी राहते, आणि माणूस पुन्हा कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून निघतो.